बाईला बेज्जूरला न्यायचं राहिलं

माणूस असेपर्यंत त्याच्या गोष्टी कुणी सांगत नाही. ते गेलं, की ज्याच्या त्याच्या खिशातून एकेक निघायला लागते. आमच्या आजीच्या तेरवीला हेच झालं. पंगत उठली, पानसुपारी झाली, तरी मांडवातून कुणी हलेना. एकाची गोष्ट संपायच्या आत दुसरा म्हणायचा, "थांबा ना बाप्पा, माही ऐका पयले." आदिलाबादला परत जाणाऱ्यांच्या दोन बस या नादात निघून गेल्या.

आजीला आजी म्हणायची आमच्याकडे पद्धत नव्हती. तेलंगणात तामसी मंडलातलं, म्हणजे तालुक्यातलं, आमचं गाव लहान. तिथल्या मराठी प्राथमिक शाळेत तिनं सारी नोकरी काढली. मुलं तिच्या हाताखाली शिकली, मग त्यांची मुलं शिकली. गावात 'बाई' म्हटलं की तीच. त्यामुळे घरातही मुलगा, सून, नातवंडं, सगळे तिला बाईच म्हणायचे. आजोबासुद्धा. त्यांचं पुढं सांगते.

तेरवीला मी एकटीच गप्प होते. मी तिची थोरली नात, वर्षा. आदिलाबादला पॉलिटेक्निकमध्ये शिकवते. आमच्या घरात कार चालवता येते ती फक्त मला. आणि बाईनं सगळ्या आयुष्यात माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती. "मले एकदा बेज्जूरले घेऊन चाल." बेज्जूरला तिची मोठी बहीण असते. बाई तीन वर्षं मागत होती आणि मी तिला नेलं नाही.

हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढच्या गोष्टींना मी हसले, तर तुमचा माझ्याबद्दल गैरसमज नको.

* * *

आमचं घर आणि शाळा यांच्यात एकच भिंत होती. बाई सकाळी शाळेत गेली की घरात तिची सासू, म्हणजे माझी पणजी, एकटी असायची. पणजीला घड्याळ कळत नसे आणि शिकायची तिची इच्छाही नव्हती. मग बाईनं वेगळीच सोय केली. शाळेत तिसरीच्या पोरांनी बाराचा पाढा सुरू केला की पणजीनं चुलीवर वरण ठेवायचं. चौथीच्या पोरांनी सतराचा सुरू केला की उतरवायचं. भिंतीपलीकडून पाढे खणखणीत ऐकू यायचे. वर्षानुवर्षं आमच्या घरी वरण असं शिजलं.

एकदा मंडलाचे शिक्षणाधिकारी अचानक आले. तेलुगू माणूस, मुलांशी हिंदीत बोलायचे. बाराचा पाढा नुकताच झाला होता. साहेब म्हणाले, "ये तो आसान है. सत्रह का बोलो."

पोरांनी छाती फुगवून सतराचा म्हटला. साहेबांना पटेना. त्यांनी दुसऱ्या ओळीकडून म्हणून घेतला, मग मुलींकडून. खूश झाले. दुपारी जेवायला आमच्याकडेच थांबले, कारण गावात दुसरीकडे कुठं थांबणार?

ताटात वरण पडलं. डाळीचा दाणा न् दाणा मोजून घ्यावा असं. साहेबांनी पहिला घास घेतला, थोडा वेळ चावला आणि म्हणाले, "पप्पु चाला बागुंदि." म्हणजे वरण फार छान झालंय. भला माणूस.

ते गेल्यावर बाईनं सासूला विचारलं, "आत्याबाई, वरन कच्चंच काऊन उतरवलं?"

पणजी म्हणाली, "साहेबानं तीनदा सतरा म्हनाले लावलं. सरकारी मानूस हाये म्हनून एकदाच उतरवलं मी, नाई तं तीनदा उतरवा लागलं असतं."

ही गोष्ट खरी किती आणि रचलेली किती, हे बाईला विचारायचं माझ्या मनात नेहमी यायचं. तेही राहून गेलं.

* * *

आता आजोबा. आजोबांची शेती. कापूस आणि ज्वारी. शिक्षण बेताचं, पण बायको शिकलेली आहे याचा त्यांना कोण अभिमान.

एका रविवारी बाई ओसरीवर कच्च्या पोरांना गणित शिकवत होती. आजोबा शेतातून आले आणि चिखलाच्या पायांनी सरळ पोरांच्या मधून आत निघाले. बाईची मान वहीत होती. वर न बघताच तिनं आवाज दिला, "विचारून यायचं असतं आत."

पोरं खिदळली. बाईनं वर पाहिलं तर नवरा. तिनं जीभ चावली. तो काळ असा होता की एखाद्या घरात यावरून महिनाभर अबोला झाला असता. आजोबा मागे वळले, अंगणात गेले, पाय धुतले, दाराशी येऊन सरळ उभे राहिले आणि म्हणाले, "आत येऊ का, बाई?"

तेव्हापासून रोज. शेतातून आले की दाराशी थांबायचे आणि विचारायचे. सुरुवातीला चेष्टा होती, पुढं सवयच झाली. बाईनं "या" म्हटल्याशिवाय आत पाऊल नाही. पाहुणे असले तर बाई लाजून लाल व्हायची, तरी म्हणायची.

शेवटी आदिलाबादच्या दवाखान्यातून डॉक्टरांनी सांगितलं, आता घरीच घेऊन जा. चौघांनी त्यांना बाजेवर घालून आणलं. दाराशी आल्यावर आजोबांनी हात थोडासा वर केला. माझे बाबा घाबरले, त्यांना वाटलं दुखतंय कुठे तरी. आजोबांचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"आत येऊ का, बाई?"

बाई दारात भाकरतुकडा घेऊन उभी होती. "या," म्हणाली. मग तिनं तो ओवाळून टाकला आणि वाट दिली.

* * *

तिसरीत मी बाईच्याच वर्गात होते. सहामाहीला शेजारच्या मुलीचं बघून गणित उतरवलं. तिचंच चुकलेलं, त्यामुळे लगेच सापडले. बाईनं सगळ्या वर्गासमोर शून्य दिला.

घरी येऊन मी रडून गोंधळ घातला. जेवणार नाही म्हटलं. थोड्या वेळानं बाई गरम धिरडं आणि गूळ घेऊन माझ्याजवळ येऊन बसली.

"का झालं माह्या पोरीले?"

"शून्य दिला."

"कोनं?"

मी तिच्याकडे बघतच राहिले. ही वेडी झाली की काय! "बाईनं," मी म्हटलं.

"ते बाई हायेच तशी," ती म्हणाली. "लई कडक. तिच्या घरचे बी तरासले म्हनतात तिले. तू म्हनशीन तं मी जाऊन बोलतो तिच्याशी."

"बोल," मी म्हटलं आणि तीन धिरडी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी हजेरी झाली. बाईनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. शाळेत ती पुस्तकातल्यासारखं बोलायची. "वर्षा, उभी राहा. काल तुझी आजी येऊन गेली. बराच वेळ बसली होती, तुझ्या बाजूनं खूप बोलली. शून्य तसाच राहील. बस खाली."

मी आता कॉलेजात पोरांना शून्य देते. कारण बाईनं शिकवलंय. पण एखादं पोर नंतर व्हरांड्यात तोंड पाडून उभं दिसलं तर त्याच्याजवळ जायला मला वेळ नसतो. बाईकडून मी अर्धंच शिकले.

* * *

बाई चाळीशी ओलांडेपर्यंत आगगाडीत बसली नव्हती, तिनं गाडी जवळून पाहिलीही नव्हती. आदिलाबादला स्टेशन आहे हे माहीत होतं, पण तिकडं जायचं कशाला? कुणी गाडीनं येणारं नाही, कुणाला पोचवायचं नाही. आणि काम नसताना बाईमाणसानं स्टेशनवर जाऊन उभं राहायचं म्हणजे लोक काय म्हणतील.

एका वर्षी तिनं हेडमास्तरांना अर्ज दिला. चौथीच्या वर्गाची शैक्षणिक सहल, आदिलाबाद स्टेशन. उद्देश : वाहतुकीच्या साधनांचा परिचय. हेडमास्तर म्हणाले, बाई, पुस्तकात चित्र आहे की. बाई म्हणाली, सर, चित्राला आवाज नसतो.

बसनं एकोणीस पोरं गेली. फलाटावर बाईनं त्यांना रांगेत बसवलं आणि काम दिलं. डबे किती, चाकं किती, माणसं किती उतरली, सगळं वहीत लिहायचं. पोरं माना खाली घालून लिहीत बसली.

घरी आल्यावर आजोबांनी विचारलं, "किती डबे होते वं गाडीले?"

बाई म्हणाली, "मी नाई मोजले. मी इंजिन पाहून राह्यली होती."

तेरवीला ही गोष्ट सांगणारा त्या एकोणीस पोरांतलाच एक. तो म्हणाला, "आमी बी गाडी पाह्यली नाई. आमी वहीच पाह्यली."

* * *

पण बाईचं खरं नाव झालं ते जन्मतारखांवरून.

पूर्वी आमच्याकडे पोराला शाळेत घालायला आणलं की आईबापाला तारीख माहीत नसायची. मास्तर लोक डोळे मिटून एक जून लिहून टाकायचे. शाळा जूनमध्ये सुरू होते, तेवढंच सोपं. त्यामुळे कित्येक गावांत अख्खा वर्ग एक जूनचा. बाईला याचा भयंकर राग. ती म्हणायची, "चाळीस पोट्टे एकाच दिवशी झाले, तं सुईन किती पळाली असन त्या दिवशी?"

बाई एक जून लिहीत नसे. तिच्याकडे जुन्या कॅलेंडरांची अख्खी पेटी होती. ती पोराच्या आईला समोर बसवायची आणि खोदून खोदून विचारायची.

"कधी झाला हा?"

"पऱ्हाटीले बोंडं होते बाई."

"कापसाचे बोंडं लागले होते का फुटले होते?"

"फुटले होते."

"पयली वेचणी झाली होती का?"

"वेचूनच घरी आली अन् मंग झाला."

"चांदणं होतं का अंधार?"

असं करत करत ती दिवसापर्यंत पोचायची. एकदा एका पोराची आई कशालाच उत्तर देईना. पाचवं पोर होतं, तिलाही काय आठवणार. शेवटी म्हणाली, "आमची म्हैस जनली ना, त्याच दिवशी झाला." बाईनं तिच्या नवऱ्याला बोलावलं. त्याला पोराचं वर्षसुद्धा सांगता येत नव्हतं. म्हशीचं विचारल्यावर मात्र त्यानं वार सांगितला, तिथी सांगितली, आणि सकाळी किती वाजता तेही सांगितलं.

ते पोर म्हणजे आमचा देवराव. आता आदिलाबाद डेपोत कंडक्टर आहे. तेरवीला उभा राहून म्हणाला, "आमची म्हैस मरून जमाना झाला. पन दर साली तिच्या रेडकाचा वाढदिवस मी केक कापून करतो." मांडव हसला. देवराव हसता हसता एकदम खाली बसला आणि उपरण्यानं तोंड झाकलं.

* * *

आणि अशी ही बाई स्वतः एक जूनची!

तिला तिच्या काकानं शाळेत घातलं होतं. मास्तरांनी विचारलं, काकानं मान हलवली, मास्तरांनी एक जून लिहिलं. वर्षही अंदाजानं, चांगलं दोन वर्षं आधीचं. त्यामुळे ती दोन वर्षं आधी रिटायर झाली. निरोप समारंभाला ती म्हणाली, "सरकारी हिशेबाने मी म्हातारी झाले. मला अजून कळवलं नव्हतं कुणी."

माझा मुलगा पाच वर्षांचा असताना बाईनं त्याला विचारलं, तुझा जन्म कधीचा. त्यानं तारीख सांगितली आणि वर इंग्रजीत वेळही सांगितली, मिनिटासकट. तो इंग्रजी शाळेत जातो. बाईच्या शाळेत तेव्हा सगळी मिळून सात पोरं उरली होती, आणि मी माझं पोर तिथं घातलं नव्हतं. त्याबद्दल ती मला कधी काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

"टाइम बी माहीत हाये तुले?" बाई त्याला म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "माह्या जनमाचं अक्काले माहीत असन. माह्याहून अकरा वर्सानं मोठी हाये ते. मले एकदा बेज्जूरले घेऊन चाल. विचारून येऊ."

मी तिथल्या तिथं मोबाइल काढला. "त्यासाठी जायचं कशाला? आत्ता लावते, विचारून टाक. दोन मिनिटांचं काम."

बाईनं माझ्या हातावर हात ठेवला. "हे फोनवर विचारत नसतात वं. जनमाची गोष्ट हाये. समोर बसून विचारा लागते."

मला वाटलं, म्हातारीचा हट्ट. "बरं, पुढच्या रविवारी," मी म्हटलं.

* * *

मग ते रविवार सुरू झाले.

एका रविवारी माझ्या पेपर तपासण्या होत्या. एकदा गाडी सर्व्हिसिंगला. मग उन्हाळा लागला आणि मी म्हटलं, या उन्हात तुला तिकडं नेलं तर बाबा मलाच बोलतील. पाऊस लागला तेव्हा सांगितलं, तिकडचा पूल पाण्याखाली असतो. पुलाची मी चौकशी केली नव्हती. नुसतं सांगून दिलं.

बसनं जायचं तर तीन ठिकाणी बदलायची, आणि बाईचे गुडघे गेलेले. नाही तर ती माझ्या मागं लागली नसती.

मी येते म्हटलं की शनिवारी बाई चिवडा करायची. अक्काला दात नाहीत, म्हणून पातळ पोह्यांचा आणि त्यात शेंगदाणे कुटून घातलेले. रविवारी मी फोन करायचे, आज जमत नाही. ती म्हणायची, "बरं. काम आधी." मग तो चिवडा देवरावच्या बसनं माझ्याकडे यायचा आणि आठवडाभर आम्ही खायचो. आमच्या घरात सगळ्यांना दात आहेत. माझे यजमान एकदा म्हणाले, "बाई शेंगदाणे कुटून काऊन टाकतात बाप्पा?" मी डबा बंद केला.

एकदा मात्र खरंच निघालो. बाई नवं लुगडं नेसून पुढच्या सीटवर बसली. पिशवी मागं ठेव म्हटलं तर ठेवेना, मांडीवरच धरली. रस्ताभर बोलत होती. अक्का कशी झाडावर चढायची, अक्कानं तिला वेणी घालायला शिकवलं, लग्न होऊन अक्का बेज्जूरला गेली तेव्हा ही किती लहान होती, आणि पुढं शाळा, सासू, चूल यांच्यात बहिणीच्या घरी कशी दोनदाच जाणं झालं. तेही दोन्ही वेळा कुणी तरी वारलं म्हणून.

गुडीहत्नूरच्या फाट्यावर चहाला थांबलो आणि प्रिन्सिपलांचा फोन आला. सोमवारी तपासणी आहे, फायली तयार नाहीत, आज या.

मी बाईकडे पाहिलं. तिनं सगळं ऐकलं होतं. "काम हाये ना? मंग चाल वापस," ती म्हणाली. "कामावरून पळनारे मले आवडत नाईत."

मी नाही म्हणू शकले असते. फायली रात्री बसून करता आल्या असत्या. पण खरं सांगते, त्या वेळी मला सुटल्यासारखं झालं. दिवसभर गाडी चालवायचा कंटाळा आला होता. एवढंच कारण होतं, याहून मोठं काही नव्हतं.

परतीला तिनं पिशवी मागच्या सीटवर ठेवून दिली. मग म्हणाली, "इथून किती राह्यलं होतं वं?"

"सव्वाशे किलोमीटरच्या वर."

"हं," ती म्हणाली. "मंग जरासं तं आलो होतो."

* * *

वैशाखात बाई गेली. सकाळी अंघोळ केली, देवापुढं बसली, आणि उठलीच नाही. सून चहा घेऊन गेली तेव्हा कळलं.

बेज्जूरहून मालती आत्याचा फोन आला. ती अक्काची मुलगी, तिच्याजवळच राहते. "मी येऊ शकत नाही गं," ती रडत म्हणाली. "आईला एकटं सोडता येत नाही. आणि तिला सांगितलंही नाही. नव्वदी उलटली तिची, तिच्यानं सोसायचं नाही."

पुढं बाईचा फोटो फ्रेम करायला दिला. फ्रेमवाल्यानं विचारलं, खाली जन्मतारीख काय टाकू? पेन्शनच्या कागदावर होती ती मी सांगायला गेले. एक जून मला म्हणवेना. थांबा म्हटलं, सांगते नंतर.

परवा गणपतीच्या सुट्टीत मी बेज्जूरला गेले. एकटीच. साडेचार तास लागले. पूल चांगला होता.

अक्काआजी पडवीत बाजेवर बसली होती. एवढीशी झालेली, पण डोळे लख्ख. मालती आत्यानं मला दारातच हळूच बजावलं, काही बोलू नको. मी पाया पडले.

"सुलीची नात ना तू?" अक्का म्हणाली. सुलोचना हे बाईचं नाव, ते मी किती वर्षांनी ऐकलं. "ते काऊन नाई आली?"

"पाय दुखतात तिचे," मी म्हटलं.

"पाय दुखतात तं गाडीत बसून या लागत होतं. चालत थोडी यायचं होतं?"

मी चहाच्या कपात बघत राहिले. मग विचारलं, "अक्काआजी, बाईचा जन्म कोणत्या दिवसाचा? तिला तुला विचारायचं होतं."

अक्कानं माझ्याकडे निरखून पाहिलं. मला वाटलं आठवत नसेल.

"तान्ह्या पोळ्याचा, पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाचा," ती म्हणाली. "पोट्टे लाकडाचे बैल घेऊन दारोदार फिरून राह्यले होते. मी बी बैल घेऊन अंगनात उभी होती. आतून आवाज आला हिच्या रडन्याचा. मी बैल तिथंच टाकला अन् आत पळाली." मग ती हसली. "पन तू काऊन विचारते वं? तिले तं माहीत हाये. मीच सांगतलं होतं, तिच्या लग्नाच्या बी आधी. दर साली तान्ह्या पोळ्याले सकाळीच फोन करते ते मले. 'अक्का, आज माहा दिवस हाये,' म्हनते."

मी कप खाली ठेवला.

अक्का बोटांवर काही तरी मोजत होती. "तान्हा पोळा तं होऊन गेला," ती म्हणाली. "औंदा नाई आला तिचा फोन. मालती, लाव वं तिले. माह्यासंग बोलू दे."

मालती आत्यानं फोन हातात घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.